मागण्या मंजूर झाल्या, वाचल्या कोणी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की पहिल्या दिवसाच्या बातम्यांत एक ओळ हमखास असते: इतक्या हजार कोटींच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या) सादर. दुसऱ्या दिवसापासून ती ओळ कुठे दिसत नाही, कारण तोवर पायऱ्यांवरच्या घोषणा, सभात्याग आणि निलंबने यांनी पाने भरलेली असतात. राज्य शासनाच्या लेखा शाखेत मी बत्तीस वर्षे काढली. निवृत्त होऊन आता बराच काळ लोटला, तरी ही ओळ दिसली की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबले तर आगाऊ क्षमस्व.

2024-25 हे वर्ष घेतो. 28 जून 2024 रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याचा आकार 6 लाख 12 हजार कोटींच्या आसपास होता. त्यानंतर अकरा दिवसांनी, 9 जुलै रोजी, 94 हजार 889 कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. डिसेंबरात नागपुरात आणखी 35 हजार 788 कोटींच्या, मार्च 2025 मध्ये 6 हजार 486 कोटींच्या. बेरीज 1 लाख 37 हजार 163 कोटी होते, म्हणजे अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. पुरवणी मागणीची सगळीच रक्कम तिजोरीवरचा नवा भार नसते, हेही सांगायला हवे. काही भाग केंद्राच्या योजनांचा असतो, काही निव्वळ पुस्तकी समायोजन असते. पण जुलैच्या त्या मागण्यांचा निव्वळ भारही 88 हजार 770 कोटी होता, तेव्हा समायोजनाची सबब फार पुरत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 205 प्रमाणे पुरवणी मागणी दोन कारणांसाठी आणता येते: मंजूर रक्कम चालू वर्षासाठी अपुरी ठरली तर, किंवा वार्षिक वित्तीय विवरणपत्रात धरलेली नव्हती अशा एखाद्या नव्या सेवेवर खर्च करण्याची गरज निर्माण झाली तर. अकरा दिवसांत कोणती रक्कम अपुरी पडते? मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची घोषणा अर्थसंकल्पीय भाषणातच झाली होती, तिला वर्षाला 46 हजार कोटी लागतील असे सांगितलेही गेले होते, आणि तरी 25 हजार कोटींची तरतूद पुरवणी मागणीतून आली. योजना चांगली की वाईट, हा या पत्राचा विषय नाही. माझ्या शेजारच्या दोन घरांत तिचे पैसे येतात आणि त्या घरांना त्यांचा उपयोग होतो, हे मी रोज पाहतो. मुद्दा एवढाच की जी गोष्ट भाषण लिहितानाच ठाऊक होती, तिची तरतूद अर्थसंकल्पात धरून तिच्यावर सविस्तर चर्चा घेता आली असती.

पुरवणी मागण्यांचे पुस्तक सामान्य वाचकाने क्वचितच पाहिले असेल. त्यात मागणी क्रमांक, मुख्य लेखाशीर्ष (खर्चाचे ठरलेले खाते), मग रक्कम आणि खाली दोन-तीन ओळींचे स्पष्टीकरण असते, जे बहुतेक ठिकाणी 'अपेक्षित वाढीव खर्च भागविण्यासाठी' अशा थाटाचे असते. मधूनच एखादी एक हजार रुपयांची लाक्षणिक मागणी दिसते. नवख्या माणसाला वाटते, हजार रुपयांसाठी सभागृह कशाला? पण त्या हजार रुपयांनी नव्या बाबीचे दार उघडते, आणि पुढे बचतीतून पुनर्विनियोजन करून, म्हणजे दुसरीकडे उरलेला निधी इकडे वळवून, त्याच दारातून मोठ्या रकमा आत जातात. आमच्या शाखेत जुने लोक गमतीने म्हणायचे की मोठी मागणी कोणीही वाचतो, हजाराची वाचणारा आमदार भेटला तर त्याला चहा पाजावा. मला तसा योग आला नाही.

हे आकडे तयार कसे होतात, तेही कबूल करतो. आठमाही सुधारित अंदाजाची, म्हणजे आठ महिन्यांचा खर्च पाहून वर्षाचा अंदाज नव्याने मांडण्याची, वेळ आली की वरून निरोप यायचा, तक्ता दुपारपर्यंत पाठवा. सोळा-सतरा लेखाशीर्षे, त्यांतल्या निम्म्यांचा खर्चमेळ कोषागाराशी जुळलेला नसायचा. मग मी आणि माझा लिपिक गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा टक्के चढवून तक्ता रवाना करायचो. एका वर्षी अशाच तक्त्यावर आमच्या एका लेखाशीर्षाखाली डिसेंबरात पुरवणी मागणी मंजूर झाली आणि 31 मार्चच्या रात्री आम्ही तीच रक्कम, वर मूळ तरतुदीतली थोडी अधिक, समर्पित केली, म्हणजे शासनाला परत केली, कारण निधी व्यपगत झाला (न वापरता मुदत संपून गेला) तर खुलासा द्यावा लागतो आणि समर्पित केला तर लागत नाही. चूक आमची होतीच. पण डिसेंबर ते मार्च या काळात ती रक्कम कशासाठी हवी आहे, असे आम्हांला एकानेही विचारले नव्हते. हा प्रकार एका कार्यालयापुरता असता तर मी गप्प बसलो असतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्तव्यवस्थेवरील अहवालांत अनावश्यक पुरवणी मागण्या, मोठ्या बचती आणि मार्चअखेरची खर्चाची घाई यांवर वर्षानुवर्षे तीच वाक्ये असतात, फक्त आकडे बदलतात.

दिल्लीत निदान एक व्यवस्था तरी आहे. 1993 पासून संसदेत विभागांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. त्या आज 24 आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य, आणि मंत्री त्यांत बसत नाही. अर्थसंकल्प मांडल्यावर अधिवेशनाला मध्यंतर दिले जाते आणि त्या काळात या समित्या आपापल्या मंत्रालयाच्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावतात, अहवाल देतात. शिफारशी बंधनकारक नसतात, पण सरकारला त्यांवर काय केले ते लेखी कळवावे लागते. म्हणून 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने गदारोळात सुमारे 45 लाख कोटींच्या मागण्या काही मिनिटांत चर्चेविना मंजूर केल्या, तेव्हाही त्या मागण्यांवरचे समित्यांचे अहवाल तरी उपलब्ध होते. सभागृहाने ते वापरले नाहीत, ही निराळी शरमेची बाब. केरळ विधानसभेने विषय समित्यांची पद्धत संसदेच्याही आधी, 1980 मध्येच, सुरू केली आणि तिथे अनुदानाच्या मागण्या समितीकडून तपासून मगच मतदानाला येतात. मागणी मतदानापूर्वी समितीकडून तपासून घेण्याची रीत आपल्याकडे मात्र रुजलेली नाही. नेमून दिलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा टाकल्या जातात, होयचे बहुमत होते, आणि पाठोपाठ ते पैसे तिजोरीतून काढण्याची परवानगी देणारे विनियोजन विधेयक येते.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: खर्चानंतर लेखापरीक्षा होते, तिचे अहवाल तपासणारी लोकलेखा समिती आहे, चिंता कशाला? लोकलेखा समितीचा मला आदर आहे. 1921 पासूनची ही संस्था, जिचे अध्यक्षपद 1950 पर्यंत खुद्द अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे, ती सभापतींच्या अखत्यारीत आली आणि 1967 पासून संसदेत तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत पडला, हे काही लहान काम नव्हते. परंतु समितीपुढच्या साक्षीचा अनुभव सांगतो. लेखापरीक्षा अहवालातल्या आमच्या विभागाविषयीच्या एका परिच्छेदावर साक्ष लागली, तेव्हा मूळ व्यवहाराला अकरा वर्षे झाली होती. सचिवांच्या मागे आम्ही चौघे नस्त्यांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसलो होतो. सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला: हा आदेश कोणी काढला? ज्यांनी काढला ते निवृत्त होऊन वारले होते, त्यांच्यानंतर त्या खुर्चीत सहा जण येऊन गेले होते, आणि वसुली ज्या पुरवठादाराकडून करायची त्याची संस्था बंद पडली होती. 'भविष्यात दक्षता घेण्यात येईल' हे वाक्य सचिवांनी वाचले, ते इतिवृत्तात नोंदले गेले आणि आम्ही शेवटच्या गाडीने परतलो. गुन्हेगार सापडला असता की नाही ते जाऊ द्या, पैसे तर खर्च होऊन गेले होते. नंतरची तपासणी कितीही कडक केली तरी मतदानापूर्वी न विचारलेल्या प्रश्नाची भरपाई तिच्यातून होत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

समित्यांच्या दौऱ्यांविषयी फार लिहीत नाही. मे 2025 मध्ये खर्चाचे अंदाज तपासणाऱ्या विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा चालू असताना धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. त्याच्या तपासातून जे निष्पन्न व्हायचे ते होवो, पण ती बातमी वाचून जिल्ह्यातल्या कोणत्याही लेखा कर्मचाऱ्याला समितीचा धाक वाटेल की आणखी काही, हे मी सांगायला नको.

याहून मोठी फट महामंडळांची आणि प्राधिकरणांची आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा 2025-26 चा अर्थसंकल्प 40 हजार 187 कोटींचा होता. अनेक राज्यांतल्या एखाद्या मोठ्या खात्याहून हा आकडा मोठा आहे, आणि तो मंजूर होतो प्राधिकरणाच्या बैठकीत. एस. टी. महामंडळाचे उदाहरण अधिक घरगुती आहे. 1950 च्या कायद्यानुसार महामंडळ आपला अर्थसंकल्प राज्य शासनाच्या मान्यतेसाठी पाठवते, सभागृहाच्या नाही. सभागृहापुढे येतात ते लेखापरीक्षित लेखे, तेही उशिराने. जून 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली तेव्हा संचित तोटा 10 हजार 322 कोटींवर गेल्याचे राज्याला कळले. एवढा तोटा एका रात्रीत साचत नाही. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ऑगस्ट 2022 पासून, महिलांना निम्मे तिकीट मार्च 2023 पासून. दोन्ही सवलतींची प्रतिपूर्ती शासनाने करायची, आणि ती रक्कम महामंडळाच्या हाती कधी पडते यावर वाहकाच्या पगाराची तारीख ठरते. आमच्या गल्लीतला एक वाहक दर महिन्याच्या सात तारखेला मला विचारतो, 'साहेब, तुमच्या मंत्रालयात काही हललं का?' मंत्रालय माझे कधीच नव्हते, पण त्याच्या दृष्टीने आम्ही सगळे एकच. सवलत जाहीर करताना तिची किंमत किती, ती कोणत्या लेखाशीर्षातून आणि कोणत्या तारखेला द्यायची, हे सभागृहाने त्या दिवशीच विचारले असते तर त्याच्यावर मला विचारण्याची वेळ आली नसती.

संस्था स्वायत्त आहे, तिच्या रोजच्या कारभारात सभागृहाने लक्ष घालू नये, हा युक्तिवाद जुनाच आहे आणि मुंबईच्या वाचकांना तो विशेष परिचयाचा असायला हवा. आयुर्विमा महामंडळ जेमतेम सव्वा वर्षाचे असताना, डिसेंबर 1957 मध्ये, फिरोज गांधींनी लोकसभेत विचारले की उद्योगपती हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांच्या समभागांत महामंडळाने विमाधारकांचे सव्वा कोटीहून अधिक रुपये का गुंतवले. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते, हे लक्षात घ्यावे. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांना नेमले गेले, त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, महिन्याभरात अहवाल दिला, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. सार्वजनिक उपक्रम समिती स्थापन व्हायला पुढे 1964 उजाडले. आज तशी समिती दिल्लीत आहे, मुंबईतही आहे. पण ती झालेल्या व्यवहारांमागून चालते, आणि ज्या महामंडळाचे लेखेच थकलेले आहेत त्याच्याविषयी तिने विचारायचे तरी काय? थकीत लेख्यांच्या महामंडळांना भागभांडवल आणि कर्जहमी देण्याच्या मागण्यांवर मात्र दरवर्षी मतदान होते.

नामदार गोखल्यांनी 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले, तेव्हा त्यांना मत देण्याचा अधिकारच नव्हता. सरकारी शिलकीचा अर्थ काय, इथपासून त्यांनी आकड्यानिशी बोलायला सुरुवात केली. आपल्या आमदारांना मताचा अधिकार आहे आणि पुस्तक आठवडाभर आधी हाती येईल अशी व्यवस्था करणे अशक्य नाही.

माझी मागणी लाक्षणिक हजार रुपयांएवढीच आहे. कोणतीही पुरवणी मागणी समितीच्या किमान एका बैठकीशिवाय मतदानाला येऊ नये, आणि तिच्यासोबत त्याच लेखाशीर्षाखाली आजवर झालेला खर्च आणि मागील वर्षी समर्पित केलेली रक्कम छापावी. हे आकडे बीम्स या शासनाच्या अर्थसंकल्पविषयक संगणक प्रणालीत आहेतच. ते काढायला एका लिपिकाची अर्धी दुपार पुरते. ज्या महामंडळाचे लेखे दोन वर्षांहून अधिक थकले आहेत, त्याच्या मागणीपुढे ती वर्षे ठळक अक्षरांत द्यावीत.

आणि आपल्यालाही एक विनंती. येत्या अधिवेशनात आपल्या वार्ताहराने प्रत्येक विभागाच्या मागणीवर किती मिनिटे चर्चा झाली, हे घड्याळ लावून नोंदवावे आणि शेवटच्या दिवशी रकमेसमोर मिनिटे लिहून तो तक्ता छापावा. बेरीज तपासून हवी असल्यास मी विनामूल्य करून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी, सातारा