टायर फुटला, पण का फुटला?

संपादक साहेब, नमस्कार.

'टायर फुटून कार उलटली' अशी बातमी अधूनमधून सगळ्याच पेपरांत येते, आपल्याही येते, आणि तिथेच संपते. जणू वीजच पडली, आता कोणाला काय बोलणार. अहो पण टायर काही मनात आलं म्हणून फुटत नाही. खड्डा, खिळा, गट्टू लागून साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) आलेला फुगा ही कारणं असतातच, पण सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कमी हवा. हवा कमी असली की टायर खाली बसतो, मग प्रत्येक फेऱ्याला त्याची साइडवॉल दबते आणि परत सरळ होते. एखादी तार हाताने भराभर वाकवून बघा, आधी गरम होते मग तुटते, टायरच्या आत वेगळं काही होत नाही, त्यात गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली असली की विचारायलाच नको.

२००० सालच्या ऑगस्टमधे अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाडीचे होते. तिथे चौकशी झाली कारण लोकांनी 'टायर फुटला' या दोन शब्दांवर समाधान मानलं नाही. मग टायर कसा बनवला इथपासून ते फोर्डने २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा सांगितली ती कमी होती का इथपर्यंत भांडण गेलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यातूनच पुढे तिथल्या गाड्यांत हवा कमी झाली की लागणारा पिवळा दिवा सक्तीचा झाला. पण या दिव्यावरही फार विसंबू नका, तिथल्या नियमात तो हवा २५ टक्के उतरली की लागावा असं आहे, म्हणजे ३३ ची २५ होईपर्यंत दिवा गप्प बसू शकतो!

आता रेटिंगचं. टायर घेताना आपण मोठ्या हौसेने ट्रेडवेअर (नक्षी किती टिकेल तो आकडा) ४०० आहे का, ट्रॅक्शन (पकडीचा ग्रेड) ए आहे का बघतो. काही जण तर ४०० म्हणजे ४० हजार किलोमीटर असंही छातीठोक सांगतात, तसं काहीही नाही. तो आकडा १०० धरलेल्या एका ठराविक टायरशी केलेली तुलना आहे, आणि टायरला तो ग्रेड कंपनी स्वतःच देते त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार अर्थ निघत नाही. ट्रॅक्शनची टेस्ट ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून होते, वळणावर टायर कसा धरेल ते त्यात येतच नाही. आणि टेंपरेचरचा, म्हणजे उष्णता सोसण्याचा, ए, बी, सी ग्रेड दिला जातो तो हवा बरोबर आणि वजन मर्यादेत आहे असं धरून, हे या ग्रेडच्या नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे पैसे मोजून ए ग्रेड आणायचा आणि दोन महिने हवा बघायची नाही, तर तो ए कागदावरच राहिला ना.

मी शहाणपणा शिकवतोय असं नाही, मी स्वतः कित्येक वर्षं टायरवरचा आकडा बघून हवा भरायचो. माझ्या टायरवर ४४ लिहिलंय, ती कमाल मर्यादा आहे हे माहीतच नव्हतं, आणि गाडीला खरी लागणारी ३३ ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेली होती, रोज दार उघडताना समोर! टायर मधोमध घासले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. (हवा कमी असली तर दोन्ही कडा घासतात, एकच कड घासली तर चाकांची अलाइनमेंट बघा.) आणि हवा सकाळी टायर थंड असताना चेक करायची, लांब पळवून आणल्यावर आकडा वाढलेलाच दिसतो. नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी सांगतो, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

नक्षीच्या खाचांमधे छोटे आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतंच. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट (DOT) अक्षरांपुढच्या नंबरात शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हा पूर्ण नंबर बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते, मी टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा पडून वाचला. चार टायर ठीक निघाले, स्टेपनी नऊ वर्षांची निघाली, नक्षी एकदम कोरी करकरीत आणि साइडवॉलवर बारीक भेगा.

तर विनंती एवढीच की अशा बातमीत तुमच्या बातमीदारांनी टायर किती जुना होता आणि गाडीत माणसं किती होती एवढं तरी विचारावं. हवा किती होती ते नंतर कळणार नाही हे मान्य आहे, पण टायर फुटला तरी साइडवॉलचं कडं बऱ्याचदा रिमवरच लटकत असतं आणि ते चार आकडे त्याच्यावरच असतात, गाडीचा फोटो काढताना त्याचाही एक काढायला किती वेळ लागतो.

आपला,
एक नियमित वाचक