रेशमाची मागची बाजूही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने १९०७ साली चीनमधल्या तुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांतून रेशमी कापडांचे तुकडे नेले. त्या मोहिमेच्या खर्चाचा मोठा वाटा तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने उचलला होता. त्यामुळे स्टाइनच्या मोहिमांतला बराच ठेवा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले त्याचे सुमारे ६०० कापडी तुकडेही आजतागायत भारत सरकारने उसने दिलेले आहेत. तेव्हा ते कसे मांडावेत, यावर आपण बोललेच पाहिजे.

यातल्या तांग काळातल्या (इ.स. ६१८ ते ९०७) काही रेशमांवर रंग अडवून नक्षी काढलेली आहे. हे तुकडे आपल्याला बहुधा समोरूनच दिसतात, आणि समोरून पाहिले की सगळेच छापील वाटतात. ते कसे केले याची खूण मात्र घडीत, कडेला आणि पाठीमागे असते.

फळ्यांच्या पकडीचे काम घ्या. एकच नक्षी दोन लाकडी फळ्यांवर समोरासमोर बसेल अशी कोरायची, रेशीम दुमडून मधे घालायचे आणि फळ्या करकचून आवळायच्या. उंचवट्याखाली दबलेल्या कापडाला रंग लागत नाही. खोलगट खणांत तो फळीच्या भोकांतून शिरतो. भोके बुजवून एका खणात निळा, शेजारच्यात तांबडा रंग सोडता येतो. दोन खणांमधली भिंत कापडावर टेकलेली असल्याने दोन रंगांमधे बारीक पांढरी रेघ राहते. पकड ढिली पडली की आधी हीच रेघ बुजते आणि रंग एकमेकांत उतरतात. घडीच्या आतल्या थराला रंग कमी पोहोचला, तर नक्षीचा एक अर्धा भाग फिका निघतो. रंग आरपार गेलेला असल्याने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. ठशाने छापलेले कापड मागून फिके असते. पाठ झाकली की हा पुरावाच गेला.

दुसरी रीत मेणाची: जिथे रंग नको तिथे मेण लावायचे. हे काम थंड रंगात टिकते, म्हणून त्याचे निळीशी जमते. तांबड्या रंगासाठीच्या मंजिष्ठेच्या तापलेल्या पाण्यात मेण वितळते. मेणाला तडे जाऊन त्यांत शिरलेला रंग केसासारख्या रेषांनी ओळखू येतो. राख-चुन्याच्या खळीने नक्षी काढली, तर खळीतला क्षार कच्च्या रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढतो, त्यामुळे तेवढी नक्षी अधिक चकाकते. ती चकाकी तिरप्या प्रकाशातच नीट दिसते. बांधणीत सुईची भोके आणि चुण्या राहतात. चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना येथल्या सातव्या शतकातल्या एका तुकड्यात तर शिवणीचा दोरा अजून तसाच आहे. तो उसवून कापड सपाट केले असते, तर घड्या कशा घातल्या होत्या हे कुणालाच कळले नसते.

म्हणून जुन्या घड्या वाफेने किंवा दाबाने मोडू नयेत. कुसुंब्याचा तांबडा रंग क्षाराने सुटतो, तेव्हा साबणाच्या पाण्याचा तर विचारही नको. तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवू नये. तो विरविरीत पारदर्शक रेशमाच्या दोन थरांत ठेवून, टाके त्याच्या कडेबाहेर घालावेत आणि चौकटीची पाठ उघडी किंवा काचेची ठेवावी. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आत हवा. जुना हिरवा रंग पुष्कळदा निळीवर पिवळा चढवून केलेला असतो. पिवळा आधी उडतो आणि नक्षीतली पाने निळी दिसू लागतात. माहितीफलकावर हे लिहिले नाही, तर पाहणारा रंगाऱ्याने पाने निळीच रंगवली असे समजेल.

काचेची पाठ परवडत नसेल तिथे निदान प्रत्येक तुकड्याची चार छायाचित्रे मोजपट्टीसह शेजारी लावावीत: समोरून, मागून, घडीच्या जागी आणि तिरप्या प्रकाशात. दिल्लीतल्या तुकड्यांपासून हे लगेच सुरू करता येईल, आणि लंडनकडेही भारत सरकारने हाच आग्रह धरावा.

आपले,
जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करणारे काही जण, पुणे