मंत्रिमहोदय, महाविद्यालयांतल्या निवडणुका आता घ्याच

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

मी परळला जर्मन शिकवते. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना तिकडेच जायचं आहे.

जर्मनच्या बी-1 या मध्यम पातळीच्या परीक्षेच्या तोंडी भागात एक विषय मांडायचा असतो आणि त्यात ‘माझ्या देशात काय परिस्थिती आहे’ हेही सांगायचं असतं. सरावाला मी ‘मतदानाचं वय सोळा असावं का’ हा विषय दिला. भांडुपची एक मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, फायदे-तोटे घडाघडा बोलली. स्वतःच्या अनुभवाशी मात्र अडली. मग मराठीतच म्हणाली, “मॅडम, आम्ही कॉलेजात कधी कुणाला निवडूनच दिलं नाही. काय सांगू?” वर्गात कुणाकडेच वेगळं उत्तर नव्हतं.

ही मुलं जिथे जाणार, तिथे 2014 पासून सोळाव्या वर्षी पालिकेसाठी मत देता येतं. 2024 ला तर सोळा वर्षांची मुलं उमेदवारही होऊ शकली. मुंबईत फेब्रुवारी 2017 नंतरची पालिका निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. मधे अठरा पूर्ण केलेली कितीतरी मुलं पंचविशी ओलांडेपर्यंत नगरसेवक निवडू शकली नाहीत. आणि वर आपण म्हणायचं, तरुणांना राजकारणात रस नाही! मला हे मुळीच पटत नाही. लोकलच्या गर्दीपासून वसतिगृहाच्या पाण्यापर्यंत ही मुलं तावातावाने बोलतात. ते बोलणं नेऊन ठेवायला त्यांना जागाच नाही.

ती जागा तुमच्या खात्यात आहे. 1989 साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे राज्यात थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर नेमणुका आल्या. ती भीती खरी होती, मी तिला कमी लेखत नाही. पण 2006 मध्ये विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा आली, छापील पोस्टरवर बंदी आली. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका परतही आणल्या, त्या कागदावरच राहिल्या. 2019 ला वेळापत्रक ठरलं, तेही विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकललं गेलं.

घाई अशासाठी की परदेशी गेल्यावर ही मुलं भारतीय नागरिक राहिली, तरी मत द्यायला त्यांना स्वतः इथल्या केंद्रावर यावं लागतं. भाड्याचे पैसे जोडून किती जण येतील? इथली तीन-चार वर्षं हीच त्यांची संधी.

म्हणून मागणी एवढीच: येत्या शैक्षणिक वर्षासाठी विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकांची तारीख जाहीर करा. निवडून आलेल्या मुलांची गाठ श्टुटगार्टच्या युवक परिषदेशी घालून द्या. सुरुवात ऑनलाइन बैठकीने झाली तरी चालेल. दुभाषे लागले तर माझा वर्ग येईल.

आपली,
परळची एक जर्मन शिक्षिका