मलकालचं गेट उघडणाऱ्या जवानांनो, थँक यू

प्रिय जवानहो,

तुमची नावं मला माहीत नाहीत, पण डिसेंबर 2013 मधे साऊथ सुदानच्या मलकालला यूएनच्या बेसवर आपली इंडियन बटालियन होती, त्यातल्या एकाच्या जरी घरी हे पत्र पोचलं तरी बास.

माझा कॉलेजचा एक मित्र मलकालचा. पुण्यात तेव्हा सुदान, साऊथ सुदानची बरीच मुलं शिकायला असायची, त्यातलाच. 15 डिसेंबरला जुबात प्रेसिडेंट साल्वा कीर आणि त्यांनी काढून टाकलेले व्हाइस प्रेसिडेंट रिएक माचार यांच्या सैनिकांमधे गोळीबार सुरू झाला आणि बघता बघता कोण दिंका जमातीचा (कीर यांची) कोण नुएर जमातीचा (माचार यांची) एवढंच बघून माणसं मारायला लागले, नाताळपर्यंत ते लोण मलकालला पोचलं. हा इकडे रात्रंदिवस फोन लावतोय, नेटवर्कच नाही. शेवटी कुणाच्या तरी मोबाईलवरून आईचा फोन आला, की आम्ही यूएनच्या आत आहोत, धाकट्यांना पण आत घेतलंय. हा फोन कानाला तसाच धरून जिन्यात बसला, बराच वेळ कुणाशी बोललाच नाही.

त्या बेसमधे पाणी, संडास, औषधं सगळं तिथल्या स्टाफपुरतं, आणि बाहेर हजारो लोक गाठोडी घेऊन उभे. एकदा आत घेतलं की त्यांची जबाबदारी आली, बाहेरचे बंदूकवाले त्यांच्यासाठी तुमच्यावर पण चालून येणार हे तुम्हाला कळत होतंच की. 19 डिसेंबरला साऊथ सुदानमधल्याच अकोबो गावात तेच झालेलं. दिंका लोकांनी तिथल्या छोट्या बेसमधे आसरा घेतला होता, त्यांना मारायला दोन हजारांच्या आसपास हत्यारबंद पोरं आली, त्यात आपले सुभेदार धर्मेश सांगवान आणि सुभेदार कुमार पाल सिंग गेले. आसऱ्याला आलेलेही बरेच मारले गेले. हे होऊन आठवडाही झाला नव्हता आणि तरी मलकालला गेट उघडलं गेलं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

दुसऱ्या देशाच्या भांडणात बाहेरच्यांनी पडावं का यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, बाहेरच्या फौजांच्या हल्ल्यांनंतर अराजक माजलेल्या लिबियाचं उदाहरण देतात, त्यात तथ्यही आहे. पण मला रवांडा आठवतं. एप्रिल 1994 मधे तिथे तुत्सी लोकांचा वंशसंहार चालू असताना राजधानी किगालीच्या एका शाळेत दोन हजारांच्या आसपास लोक यूएनच्या बेल्जियन सैनिकांच्या भरवशावर थांबले होते, सैनिकांना परत बोलावलं, गाड्या निघाल्या तशी माणसं गाड्यांना लटकली, आणि त्यानंतर काही तासांत त्यातल्या बहुतेकांची कत्तल झाली. साऊथ सुदानमधे यूएनच्या मिशनच्या प्रमुख हिल्डे जॉन्सन आणि तुमच्यासारखे जवान यांनी तसं होऊ दिलं नाही. सिक्युरिटी कौन्सिलने 24 डिसेंबरला सैन्य वाढवून 12,500 करायला मंजुरी दिली खरी, पण ते यायला कितीतरी महिने गेले, तोवर होते तेवढ्यांनीच निभावलं. पुढे देशभरातल्या अशा कॅम्पांमधे दोन लाखांवर लोक राहत होते.

सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. एप्रिल 2014 मधे तिथल्याच बोर शहरातल्या यूएन बेसमधे जमाव घुसला आणि कितीतरी लोक मारले गेले. फेब्रुवारी 2016 मधे मलकालचाच कॅम्प पेटवला, आणि तेव्हा यूएनचे सैनिक वेळेवर हलले नाहीत हे यूएनच्याच चौकशीत निघालं. सरपणाला बाहेर गेलेल्या बायकांवर अत्याचार व्हायचे. मित्राची आई सांगते, पावसाळ्यात तिथली जमीन म्हणजे आपल्या वऱ्हाडातली काळी माती, गुडघाभर चिखल, पोरांना रात्री मांडीवरच झोपवायचं. पण ती पोरं जिवंत होती ना. त्यातली एक मुलगी आता नर्सिंग करतेय.

म्हणून मनापासून आभार, तुमचे आणि तुमच्या घरच्यांचेही, कारण तिकडच्या बातम्या ऐकून त्यांचे दिवस कसे गेले असतील ते त्यांनाच माहीत.

मित्राची आई आता जुबाला असते. तुमच्यापैकी कुणी हे वाचलं तर मला नक्की कळवा, तिला तुमच्याशी बोलायचंय, मी फोन जोडून देते.