उतारावर भीती वाटते रे

प्रिय मध्या,

तब्येत बरी, साखर हद्दीत, गुडघा कुरकुरतो पण त्याला कोण विचारतो. पत्र लिहायला बसलोय ते वरंधा घाटाबद्दल. फोन केला असता, पण आमच्याकडे फोनवरचं सगळं स्वयंपाकघरात ऐकू जातं आणि हे तिथे जाऊन चालणार नाही.

शनिवारी निघालो. मी, अप्पा आणि अप्पाचा जावई. जावयाची नवी हिमालयन मोटारसायकल आहे आणि अप्पा तिच्यावर मागे बसून आला! ज्याने एकेकाळी कुणाला हॅंडलला हात लावू दिला नाही, तो जावयाच्या कमरेला धरून. मी अर्थात येझदीवर. कापूरहोळला वळलो, भोरला मिसळ खाल्ली (अप्पाने पैसे दिले, कुठेतरी लिहून ठेव) आणि नीरा-देवघर धरणाच्या कडेकडेने निघालो. पाऊस नुकता उघडलेला, पाणी काठोकाठ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. हिर्डोशीच्या पुढे डांबर आहे म्हणेपर्यंत खडी लागते. तुला हाच रस्ता आवडायचा आणि मी ताम्हिणीची बाजू घ्यायचो. ते भांडण मी अजून मागे घेतलेलं नाही. पण ताम्हिणीत आता शनिवारी मोटारींची रांग आणि धबधब्याखाली स्पीकर, तेव्हा तूर्त तू जिंकलास असं समज.

कावळ्या किल्ल्याच्या खिंडीतून पलीकडे गेलो, वाघजाईला थांबलो. भजी, चहा, माकडं, सगळं जागच्या जागी. कठड्याशी उभं राहून खाली शिवथरघळीकडचं खोरं बघितलं. इथवर मी राजा होतो.

मग उतार. पावसाळ्यात आलेल्या दरडी बाजूला ढकलल्या होत्या, पण बारीक खडी वळणांवर तशीच. एका वळणात खालून टेम्पो आला, आपली बाजू सोडून. मी गाडी आत घेतली, मागचं चाक वीतभर सरकलं, सावरलं. बस, एवढंच. याहून वाईट आपण किती बघितलंय. परशुराम घाटात तू मला अंगावर घेऊन आडवा झालास आणि उठून पहिलं वाक्य काय बोललास, ते मी अजून चारचौघांत सांगत नाही.

पण पुढच्या वळणाला माझे हात ऐकेनात. कोपरं ताठ, मुठी आवळलेल्या. आणि मला फक्त कठडा दिसायला लागला. नजर वळणाच्या शेवटाला ठेवायची, गाडी नजरेमागून जाते, हे तूच मला शिकवलंस आणि मी ते पुढे पन्नास पोरांना ऐकवलं. ठाऊक सगळं आहे. नजरच हलेना. जिथे कठडा तुटलाय आणि रंगवलेली पिंपं मांडून ठेवलीत, ती जागा मला दोन वळणं आधीपासून दिसत होती. कठडे काय तेव्हा धड होते? तेव्हाही तुटकेच होते. मला दिसत नव्हते, इतकंच.

माझेरीपर्यंत पहिल्या गिअरमध्ये उतरलो. मध्ये एका ॲक्टिव्हावरून नवरा-बायको आणि गवताचा भारा असे तिघं मला मागे टाकून गेले. बाईंनी मागे वळून विचारलं, ‘गाडी बिघडली का?’ मी म्हटलं, ‘हो, कार्ब्युरेटर.’ बिचाऱ्या येझदीवर आळ घेतला.

खाली जावई मला इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमध्येच ठेवून गाडीचा वेग आवरणं, समजावून सांगायला लागला. मला! मी म्हटलं, बाबा रे, ही टू-स्ट्रोक आहे, हिचं ऑइल पेट्रोलमधून येतं. ॲक्सिलरेटर मिटून लांब उतारावर हिला गिअरमध्ये दामटली तर इंजिनाला तेलच मिळत नाही, पिस्टन अडकून बसतो. अधूनमधून रेस द्यावी लागते. मग किक आणि गिअरची दांडी एकच असते हेही दाखवलं, तो गार. तुझ्या उजव्या गिअरच्या बुलेटची गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. सगळी मजा एका दिवशी कशाला.

महाडला मुक्काम केला. अप्पा घोरत होता आणि मी ती वळणं पुन्हा उतरत होतो.

दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या पुलावरून पोलादपूरकडे. २०१६ मध्ये जुना पूल वाहून गेला, त्यानंतर या नव्या पुलावर येताना माझा वेग आपोआप कमी होतो. त्याला मी भीती म्हणत नाही, तिथे कुणाचाही होईल. आणि मग ऐक, आंबेनळी घाट चढताना मला काहीही झालं नाही! तीच वळणं, तशीच दरी, प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत मी शीळ वाजवत गेलो. म्हटलं, गेलं. महाबळेश्वरची गर्दी चुकवत पाचगणी, पुढे पसरणी घाट उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणाला मुठी परत आवळल्या. खाली वाई, धोमचं पाणी, सगळं चित्रासारखं, आणि मी कठड्याकडे बघतोय. खंबाटकीचा बोगदा आला तेव्हा हायसं वाटलं. बोगदा आवडायचे दिवस आले बघ.

म्हणजे रस्ता नाही, उतार. गेले काही दिवस मी याची कारणं काढत बसलोय. वय म्हणावं तर चढावर कुठे जातं? चष्मा नवा आहे, प्रोग्रेसिव्ह. खालच्या भागातून जमीन तरंगल्यासारखी दिसते. तसं असेल तर देव पावला, जुना चष्मा घालून जाईन. पण वाघजाईपर्यंत तोच चष्मा होता ना रे. की आपला विन्या गेल्यापासून हे आत बसलंय? तो तर अंथरुणात गेला, गाडीचा काही संबंध नाही. तरी मनात येतं.

आणि हिमालयातल्या आपल्या स्पितीच्या बेताचं काय करायचं? तू जूनच्या तारखा काढून बसलायस. ग्रांफूपासून बातलपर्यंतचा तो दगडधोंड्यांचा रस्ता, वाटेतले नाले, मग कुंझुमची खिंड. नाल्यांचं मला काही वाटत नाही, कुंझुम चढेनही. पण पलीकडे उतरायचं असतं. किन्नौरकडून गेलो तर चढ हळूहळू आहे म्हणतात, तरी परत यायला खाली यावंच लागतं. नुसता चढाचा रस्ता असलेला हिमालय असेल तर कळव.

अप्पाला बोललो नाही. तो म्हणेल, विक गाडी आणि बस माझ्यासारखा मागे. सरोजला सांगितलं तर ती पेढे वाटेल.

चिनूची बारावी ना यंदा? तिला म्हणावं, बापाचं गणित घेऊ नकोस. नांदेडची बदली रद्द झाली की नाही? वहिनींचा हात बरा असेलच.

तर एक कर. पुढच्या महिन्यात ये, एका दिवसापुरता. वरंधा आपण दोघंच उतरू. तू पुढे राहा, मी तुझ्या मागच्या दिव्याकडे बघत येतो, कठडा गेला खड्ड्यात. जमलं तर जूनचं पक्कं. नाही जमलं तर तिथेच वाघजाईला बसून ठरवू, भजी तुझ्याकडून.

उत्तर पत्राने दे, फोन सरोज उचलते.

तुझा,
दिल्या

ता. क. विन्याच्या दुकानातून तू नेलेला येझदीचा क्लच वायरचा संच अजून तुझ्याकडेच आहे. येताना आण. हरवला असं आता म्हणू नकोस.