29 ऑगस्टची फक्की

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेला क्रीडाशिक्षक. 29 ऑगस्टला, मेजर ध्यानचंदांच्या जयंतीला, परिपाठात मी मुलांना ह्याच तारखेच्या गोष्टी सांगायचो. ध्यानचंद 1905 चे, ते पोरांना पाठच. पण 2004 ची अथेन्सची मॅरेथॉन सांगायला लागलो की मागच्या रांगाही गप्प. ब्राझीलचा वांदरलेई डी लिमा सगळ्यांच्या पुढे, थोडेच किलोमीटर उरलेले, आणि प्रेक्षकांतला एक इसम रस्त्यात घुसून त्याला ढकलत पार कडेच्या गर्दीत नेतो. गडी सुटला, परत धावला, तिसरा आला. स्टेडियममध्ये शिरला तो विमानासारखे हात पसरून, हसत. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या व्हरांड्यात निदान दहा विमानं उडायची.

2021 ला शाळा बंद होत्या, म्हणून टोकियो पॅरालिम्पिकची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितली. भाविना पटेलला टेबल टेनिसचं रौप्य आणि त्याच दिवशी निषाद कुमारला उंच उडीचं, 2.06 मीटर. निषादचा हात लहानपणी चारा कापायच्या यंत्रात गेलेला.

गोष्टी झाल्या की मैदान. म्हणजे साहेब, तळंच. आमचं मैदान कातळावरचं. ऑगस्टात त्यावर शेवाळ धरतं. शंभर मीटरच्या रेषा मी पहाटे फक्कीने आखायचो, पहिली शर्यत लागेपर्यंत पांढरं पाणी गडग्याकडे वाहत गेलेलं असायचं. एका पोराने विचारलंन, "सर, धावायचं की पोहायचं?" ओरडलो त्याला, पण प्रश्न बरोबर होता. तालुक्याच्या शालेय स्पर्धाही ह्याच पावसाळी दिवसांत. त्यात गणपती. 2025 ला तर 29 तारखेला घरोघर मूर्ती बसलेल्या; कोकणात त्या दिवसांत पोर शाळेत सापडेल का?

आपल्याच सरकारने खाशाबा जाधवांची जयंती, 15 जानेवारी, राज्य क्रीडा दिन ठरवली. हेलसिंकीला 1952 साली कांस्य आणणाऱ्या माणसाचा दिवस, आणि तेव्हा आमचा कातळ खडखडीत वाळलेला असतो. तालुक्याच्या मैदानी स्पर्धा तेव्हा घेता आल्या तर! पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक राज्यभर एकमेकांत अडकलेलं असतं आणि दहावीची परीक्षा तोंडावर असते, हे मला कळतं. तेही जमणार नसेल, तर दुसरी मागणी लहान आहे. प्रत्येक तालुक्यात एक पत्र्याची शेड द्या, 13 बाय 10 मीटरचं कबड्डीचं मैदान मावून कडेने पोरांना उभं राहता येईल एवढी. भिंती नकोत. पश्चिमेच्या बाजूला मात्र पत्रा खालपर्यंत उतरवा, झड तिकडूनच येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, राजापूर