पारा 13 वर, पण माळाचा की मळीचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडायला लागली की आपल्या दैनिकात पहिल्या पानावर एक आकडा येतो आणि शेजारी पंचगंगा घाटावरच्या धुक्याचा फोटो. ‘कोल्हापूर गारठले, पारा 13 अंशांवर.’ फोटो झकास असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आकड्याबद्दल आहे. तो खोटा नसतो, पण माझ्या रानातला नसतो.

मी वेदगंगेच्या खोऱ्यात, गारगोटीच्या बाजूला राहतो. शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून 31 वर्षं काढली, आता शेती. रान दोन ठिकाणी आहे. गावाच्या वरच्या अंगाला माळावर थोडे काजू, आणि खाली नदीकाठच्या मळीत पाऊण एकर. (मळी म्हणजे कारखान्याची नव्हे, पुरानं आणून टाकलेल्या गाळाचं रान.) चालत वीस मिनिटांचं अंतर. उंचीतला फरक म्हणाल तर तीन-चार माड एकावर एक ठेवा, तेवढा.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, मळीत अर्धा एकर कलिंगड लावलं. रमजानच्या बाजाराला माल न्यायचा हिशेब होता. रोपवाटिकेतून तीन हजार रोपं आणली, मल्चिंग पेपर अंथरला, ठिबक जोडलं. क्रॉप कव्हरचे, म्हणजे रोपं झाकायच्या पातळ कापडाचे, गठ्ठे घरात होते. त्या दिवशी पेपरात 13 होतं, मोबाइलवरच्या संदेशातही 12 ते 13 होतं. मंडळी म्हणाली, “झाकून टाकूया की, हात गारठायला लागलेत.” मी म्हटलं, तेराला काय होतंय? उद्या बघू.

सकाळी पानं दहिवरानं चिंब होती, बाकी काही दिसलं नाही. दुपारी ऊन लागल्यावर पानं उकडल्यासारखी लोंबली. चौथ्या दिवशी कडा पांढुरक्या पडल्या, मग कागदासारख्या झाल्या. साधारण तिसरा हिस्सा रोपं गेली. जगली ती पंधरा दिवस जागची हलली नाहीत, शेंडाच फुटेना. बाजार हुकला. वर माळावर परसातल्या काकडीच्या वेलाला मात्र त्याच रात्री काहीसुद्धा झालं नव्हतं. हे मला खटकलं.

प्रयोगशाळेची खोड जात नाही. दोन किमान तापमापी आणले. एक घराजवळ, वेधशाळेत ठेवतात तसा, जमिनीपासून चार फुटांवर, आंब्याच्या पेटीच्या फळ्यांना पांढरा रंग देऊन केलेल्या झडपांच्या खोक्यात. दुसरा मळीत, दोन खुंट्यांवर आडवा, रोपाच्या पानाच्या उंचीवर, उघड्या आभाळाखाली. रोज उजाडायच्या आत दोन्ही वाचायचे आणि वहीत लिहायचे. ढगाळ रात्री दोन्हींत अंश-दीड अंशाचा फरक. वारा असेल तरी तेवढाच. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की घराजवळ 12 आणि मळीत 7. एकदा साडेसहा. म्हणजे पेपरातला 13 बरोबर आणि माझी रोपं मेली हेही बरोबर.

कारण काही गूढ नाही. रात्री जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडते. वर ढग असले तर त्यातली बरीचशी खाली परत येते, नसले तर गेली ती गेली. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि उताराला लागते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जानेवारीत पहाटे आमच्या खोऱ्यात या. नदीच्या अंगाला एक गुऱ्हाळ आहे. चुलवाण पेटलेलं असतं, चिमणीतून धूर सरळ माडाच्या शेंड्याइतका वर जातो आणि तिथं कुणी पाट ठेवल्यासारखा थांबतो. मग आडवा पसरतो, सगळ्या खोऱ्यावर पांढरं छत धरल्यासारखा. त्या छताच्या वर उबदार हवा, खाली गारठा. सूर्य चांगला कासराभर वर येईपर्यंत ते छत मोडत नाही.

शेजारच्या मळ्यातले आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. माझी वही बघून हसले आणि म्हणाले, “थंडी बी पाण्यावाणीच असती बाबा, उताराला जाती. तुझ्या खालच्या बांधानं ती तुंबलीया. फोड की बांध.” खालच्या बांधावर निरगुडी आणि घाणेरीची दाट जाळी वाढली होती. मातीचा बांध तसाच ठेवून जाळी दोन ठिकाणी पाच-पाच हात तोडली. पुढच्या निरभ्र रात्रीपासून मळीतला आकडा दीड-एक अंशानं वर राहायला लागला. तीस वर्षं मुलांसमोर प्रयोग मांडले, हा आबांनी मांडून दिला.

आता कुणी म्हणेल, हिमकण पडतात ते महाबळेश्वरला, वेण्णा तलावाकाठी. कोल्हापुरात कसले आलेत हिमकण? खरं आहे. आमच्या मळीत गोठलेलं दहिवर मी अजून पाहिलेलं नाही. पण कलिंगड, काकडी, केळी या उष्ण मुलखातल्या पिकांना शून्यापर्यंत जावं लागत नाही, दहाच्या खालीच ती आखडतात. केळीचं नवं पान पोग्यातच, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतच, अडकतं. सुरू हंगामातली उसाची लावण महिनाभर डोळा फोडत नाही. उलट याच थंडीवर हरभरा आणि गहू खूश असतात, तुटायला आलेल्या उसात साखर भरते, गुळाला रंग येतो. त्यामुळे चावडीवर ‘थंडी चांगली’ म्हणणारे आणि ‘थंडीनं मारलं’ म्हणणारे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

दरवर्षी डिसेंबरच्या तोंडावर हवामान विभाग तीन महिन्यांचा अंदाज देतो आणि मग बातम्या येतात: ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार) आहे, यंदा कडाका, किंवा नाही, यंदा थंडी बेताची. तो अंदाज देशाच्या मोठमोठ्या पट्ट्यांच्या सरासरीचा असतो, त्याच्या कामासाठी तो ठीक आहे. माझं नुकसान सरासरीनं होत नाही, तीन रात्रींनी होतं. 2024 च्या नोव्हेंबरअखेर फेंगल चक्रीवादळ तिकडं पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडं आभाळ भरून आलं, थंडी पळाली, पोरं स्वेटर काढून हिंडली. ढग गेले आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पुन्हा गारठा. आमचा हिवाळा असा तुकड्या-तुकड्यांचा आहे.

‘थंडीची लाट’ म्हणाल तर मैदानी भागात ती जाहीर व्हायला किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली लागतं आणि शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. कोल्हापूरची जानेवारीतली सरासरी 14-15 च्या आसपास. म्हणजे चार फुटांवरच्या तापमापीत 11 भरलं तर लाट नाही, आणि त्याच पहाटे खाली पानाजवळ सहा. फळपीक विम्याचंही तेच. भरपाई ठरते ती महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) हवामान केंद्रातल्या आकड्यावर. आमच्या मंडळाचं केंद्र उंचावर, मोकळ्या वाऱ्यात आहे. तिथं गारठा साचणारच कसा?

माझी मागणी लहान आहे आणि ती आपल्याच दैनिकाकडे आहे. तापमानाच्या चौकटीत किमान आकड्याखाली एक ओळ वाढवा: आज रात्री आभाळ कसं, वारा कसा. ‘निरभ्र, वारा शांत’ एवढे तीन शब्द वाचले की मळीतला माणूस चार-पाच अंश स्वतःच वजा करील. रोपं झाकायची की नाही हे संध्याकाळी पाचला ठरवायचं असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या नीचांकाचा उपयोग फक्त गप्पांना. आणि वेदगंगा, दूधगंगा, भोगावती, कुंभी, हिरण्यकेशी अशा एकेका खोऱ्यातल्या दोन-दोन शाळांनी मळीत तापमापी लावला तर ते आकडे आपण छापाल का? तापमापी काही लाखाचा नसतो आणि वाचायला नववीची पोरं पुरतात. मी शिकवायला येईन, एसटीचं भाडंही मागणार नाही.

शेतकरी बंधूंना एक सांगतो, माझ्या अनुभवापुरतं. थंडीच्या रात्री कोवळ्या रोपांच्या बुडाशी कोरडं पाचट पसरू नका. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या फुटव्यात, ते सोन्यासारखं आहे, पण रोपाजवळ ते जमिनीची ऊब खाली दाबून धरतं आणि पानं वर गारठतात. संध्याकाळी विहिरीचं पाणी देऊन ओली केलेली जमीन बरी. अर्थात त्या आठवड्यात थ्री फेज विजेची पाळी दिवसाची असेल तर. नसेल तर काय करायचं ते मलाही कळलेलं नाही.

वहीच्या सहा पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. बोटं गारठलेली असताना लिहिलंय, अक्षर सांभाळून घ्यावं.

आपला,
वेदगंगाकाठचा एक वाचक,
ता. भुदरगड, जि. कोल्हापूर